भाईचा वकील

एलएलबीचं तोंडही न बघता वकिली करणारा हा पोरगा तुम्हाला कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर भेटेल. अशील एकच. यूट्यूबवर रोज रात्री बीजीएमआय खेळून दाखवणारा ‘भाई’. फीचा मामला उलटा: वकीलच अशिलाला सुपरचॅट पाठवतो, मेसच्या पैशांतून.

एरवी गडी कायद्याचा कडक. कुणी याला झाडामागून टिपलं, की ‘हॅकर आहे साला’ म्हणत रिपोर्टचं बटण दाबलंच. २०२१ च्या डिसेंबरात बीजीएमआयवाल्या क्राफ्टन कंपनीनं चोरट्यांचे नुसते आयडीच नव्हे, अख्खे फोन बाद करायचं ठरवलं, तेव्हा यानं कट्ट्यावर वडापाव वाटले होते.

मग एका रात्री चालू लाइव्हमध्ये भाईच्याच स्क्रीनवर कायमच्या बंदीची पाटी झळकली.

“हॅक नाही काका, जायरो आहे. फोन तिरका करून नेम धरायला हात लागतो!” आणि भिंतीपलीकडचा माणूस कसा दिसला? “पावलांचा आवाज. भाईचे हेडफोन भारी आहेत.” स्ट्रीमवर क्षणभर हॅकचा मेन्यू उघडलेला सगळ्यांनी पाहिला, त्याचं काय? “धाकट्या भावानं टाकलं असेल.” शेवटी भाईनं रडत रडत कबुली दिली. “बघा, मन किती मोठं!”

नजीरही तोंडपाठ. २०१९ मध्ये एपिक गेम्सनं जार्व्हिस नावाच्या सतरा वर्षांच्या यूट्यूबरला फोर्टनाइटमधून कायमचं हाकललं. आपोआप नेम धरणारा एमबॉट वापरून त्यानं व्हिडिओ केले होते. तेव्हा निंजासारखा बडा स्ट्रीमर म्हणाला, की लाखो चाहते असलेल्याला साध्या चोराच्या रांगेत उभं करू नये. एपिकनं त्याचं ऐकलं नाही, एवढं वाक्य वकीलसाहेब गाळतात. मला विचाराल तर लाखो पोरं बघतात म्हणूनच शिक्षा कडक हवी. चोरीची फुकट शिकवणीच ती. २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या कॉम्प्युटरवर ‘वर्ड’ या नावाखाली दडवलेला हॅक सापडला आणि अख्खा संघ बाद झाला. ही नजीर काढली, की हा पाणी प्यायला उठतो.

सध्या दयेचा अर्ज तयार होतोय.

“काका, १५ ऑगस्टला कैद्यांना शिक्षेत सूट मिळते ना?”

“अरे, पण कंपनी कोरियाची!”

“त्यांचाही स्वातंत्र्यदिन १५ ऑगस्टलाच असतो. बघून ठेवलंय मी.”