'टीन टायटन्स'चे पारायण: विधी व पथ्ये

पन्नाशी उलटलेल्या इसमाने लहानपणीचा सुपरहिरो-अंक पुन्हा वाचायला घेणे जोखमीचे असते. सबब ते पुढील विधीनेच करावे.

प्रथम हात धुऊन कोरडे करावेत. १९६६चा कागद आता पापड झालेला असतो. पान वरच्या कोपऱ्याने उचलावे, अंक टेबलावर सपाट दाबू नये, पिनांपाशी फाटतो. सुटल्या पानाला सेलोटेप लावणाऱ्यास वारसाहक्कातून वगळावे. (मी लावली होती. इयत्ता सातवी. तो पिवळा पट्टा अजून रॉबिनच्या तोंडावर आहे.) मुखपृष्ठ नसल्यास हळहळू नये. न खपलेल्या अंकांची मुखपृष्ठे फाडून परत पाठवायची तिकडे अमेरिकेत पद्धतच होती. फोर्टच्या फुटपाथवर मला मिळालेला अंक असाच बोडका होता.

दुसरे, कथानकाला 'का' विचारू नये. १९६४ मध्ये 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड'च्या ५४व्या अंकात रॉबिन, किड फ्लॅश आणि ॲक्वालॅड हे तीन शागीर्द पहिल्यांदा एकत्र आले. टोळीला तेव्हा 'टीन टायटन्स' हे नावही नव्हते. त्यातल्या खलनायकाचे म्हणणे असे की, गाव त्याच्या पूर्वजाला दरसाल एका पॅसेंजर कबुतराचे पीस देणे लागते. पीस नसेल तर गावातली पोरे चाकरीला द्या. आता त्या जातीचे शेवटचे कबूतर १९१४ मध्येच सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. पीस आणायचे कुठून? शहरी वाचक इथे हसतो. बांधाच्या वादात तीन पिढ्या घालवलेला माणूस हसत नाही.

तिसरे, नाती लावत बसू नये. वंडर गर्ल म्हणजे मुळात किशोरवयातली वंडर वुमनच. १९६५ मध्ये लेखक बॉब हेनीने तिला सरळ टोळीत भरती केले. एकाच पंगतीत मुंजीतला बटू आणि साठीशांतीचे यजमान शेजारी बसावेत आणि दोघेही एकच असावेत, तसला प्रकार. तो निस्तरायला १९६९ उजाडले. लेखक मार्व्ह वुल्फमनने 'टीन टायटन्स'च्या २२व्या अंकात खुलासा केला की, ही वेगळीच मुलगी, तान्ही असताना वंडर वुमनने तिला आगीतून वाचवले होते. चालायचेच.

चित्रकार निक कार्डीची चित्रे आली की थांबावे. मजकूर नंतर वाचला तरी चालतो.

चौथे पथ्य कडक आहे: संवादांना हसू नये. चाळिशीला टेकलेला हेनी पोरांच्या तोंडी 'तरुणांची भाषा' घालायचा. ॲक्वालॅडला 'कल्लेडोक्या' म्हणायचे, किड फ्लॅशला काहीतरी पायांवरून. खऱ्या पोरांनी वाचून कपाळाला हात लावला असेल. मीही वर्षानुवर्षे हसलो. गेल्या महिन्यात लेकीचे मित्र घरी आले, तेव्हा मी सोफ्याच्या हातावर टेकून म्हणालो, "काय भावांनो, सीन काय आहे?" त्यातल्या एकाने उठून मला वाकून नमस्कार केला. तेव्हापासून हेनीबद्दल मी अपशब्द ऐकून घेत नाही.

आता पाहुण्यांविषयी. पाहुणा यावा, मदत करावी आणि जावे. स्पीडी नावाचा आणखी एक शागीर्द १९६६ मध्ये पाहुणा म्हणून आला नि तीन वर्षांत घरचाच झाला. पण १९६६ मध्येच सहाव्या अंकात बीस्ट बॉय आला. हिरवा पोरगा, वाटेल त्या प्राण्याचे रूप घेणारा, पाचवा टायटन व्हायला आसुसलेला. टायटन्सनी त्याला काय विचारावे? पालकांची परवानगी आहे का. नव्हती. गेला बिचारा परत. वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी त्याला टोळीत घेतले ते १९८० मध्ये.

सातवीत या पानावर मी संतापलो होतो. हत्ती होऊ शकणाऱ्या माणसाकडे सही मागता? आमच्या वर्गाची सहल तेव्हा नुकतीच माझ्याशिवाय जाऊन आली होती, हेही कारण असेल.

परवा लेकीने राजमाचीच्या ट्रेकचे विचारले. रात्रीचा आहे म्हणाली. मी म्हणालो, "कोण कोण आहे? सगळ्यांच्या घरचे नंबर लिहून दे." ती काहीच बोलली नाही. माझा अंक मांडीवर घेऊन पाने उलटत राहिली, खालच्या कोपऱ्याने.