हळद लागलेला अझर

ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेत पुठ्ठ्याचा एक तुकडा 1 कोटी 26 लाख डॉलरना विकला गेला. त्यावर मिकी मँटल या बेसबॉलपटूचं चित्र होतं. 1952 साली टॉप्स कंपनीने च्युइंगगमच्या जोडीने जी कार्डं विकायला काढली, त्यातलंच हे एक. त्यातली न खपलेली खोकीच्या खोकी कंपनीने पुढे अटलांटिक महासागरात नेऊन बुडवली, असं कंपनीचेच साय बर्गर सांगत असत. जे वाचलं त्याला एवढी किंमत का? तर सत्तर वर्षांत त्याचा एकही कोपरा दुमडला नाही, कुणाचं घामट बोट त्याला लागलं नाही.

ही बातमी मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. ती क्रिकेटच्या कागदांनी भरलेल्या माझ्या पत्र्याच्या ट्रंकेकडे बघत म्हणाली, "अहो, मग तुमच्याकडचं एक तरी विकून दाखवा."

अडचण अशी, की माझ्या ट्रंकेतल्या एकाही वस्तूचा कोपरा शाबूत नाही.

तेलंगणातलं आमचं इचोडा 44 नंबरच्या हमरस्त्यावर आहे. वर नागपूर, खाली हैदराबाद. नागपूरच्या जामठ्याला सामना असो की हैदराबादच्या उप्पलला, झेंडे लावलेल्या गाड्या आमच्या गावातून जातात, फार तर चहाला थांबतात. मैदान आमच्या वाट्याला आलं नाही, आला तो त्याचा कागद. तोही थेट कधी आला नाही. आधी दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला येऊन मग माझ्यापर्यंत पोचला.

माझ्याकडचा मोहम्मद अझरुद्दीन घ्या. कारकिर्दीतल्या पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं ठोकणारा हा हैदराबादी पोरगा 1985 साली आमच्या अख्ख्या जिल्ह्याच्या घरचा झाला होता. त्याचा रंगीत फोटो मला आठवडी बाजारात मिळाला, पण हळदीच्या पुडीच्या रूपात. पुडी सोडली, हळद डब्यात ओतली आणि आत मनगट वळवून लेगला चेंडू ढकलणारा अझर निघाला. कपाळापासून पॅडपर्यंत पिवळाजर्द. तीच पुडी आणखी हवी म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, "हळद होना की कागज होना?" दोन्ही म्हणालो. तेव्हापासून तो मला मसाले जरा चढ्या भावाने देतो.

संदीप पाटील संपादक असलेल्या 'षटकार' या क्रीडा-नियतकालिकाची पानं मला पाठ्यपुस्तकांच्या कव्हरांतून मिळाली. आमच्या पिढीत जून महिना म्हणजे पुस्तकांना कव्हर घालायचा महिना. गणिताला कपिल, इतिहासाला गावस्कर. आमच्या मराठी शाळेची जुनी पुस्तकं रद्दीत निघाली की मी पुस्तक सोडून कव्हर तेवढं मागतो. लोकांना वाटतं, मास्तरांचं काहीतरी बिनसलंय.

पोस्टकार्डांचा विभाग तर त्याहून गमतीचा. हिंदुस्थानात 1 जुलै 1879 रोजी पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं. आपल्याकडे चाहते सहीसाठी खेळाडूंना कार्डं पाठवत, सोबत उत्तराचं कार्डही जोडत. तसं सहीचं कार्ड माझ्याकडे एकही नाही. आहे ते 1983 च्या जूनअखेरचं, किनवटकडून आलेलं एक साधं कार्ड. एका शेतकऱ्याने व्याह्याला लिहिलंय : 'भारताने कप जिंकला. पाऊस अजून नाही. पेरणी थांबली आहे. कळावे.' जाणकार याला क्रीडा-पोस्टकार्ड म्हणणार नाहीत. मी म्हणतो. लॉर्ड्सचा विजय थांबलेल्या पेरणीशेजारी बसलेला मला दुसरीकडे कुठे सापडला नाही.

तिकिटांमध्ये माझा मानबिंदू आहे 31 ऑक्टोबर 1987 चं. नागपूर, विश्वचषक, समोर न्यूझीलंड. चेतन शर्माने याच सामन्यात विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली आणि सुनील गावस्करने एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक ठोकलं. तिकीट मिळालं ते एका जिनिंगच्या म्हाताऱ्या दिवाणजींकडून, जुन्या वहीतली खूण म्हणून. मागच्या बाजूला पेन्सिलीने कापसाच्या गाड्यांची वजनं मांडलेली. मी हरखून विचारलं, "म्हणजे ते शतक तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?" दिवाणजी खिन्न झाले. म्हणाले, "गावस्कर आहे, सावकाश खेळेल, म्हणून आम्ही जेवायला बाहेर गेलो. परत आलो तर लोक घरी निघालेले." भारताने तो सामना तेहतिसाव्या षटकातच संपवला होता.

नागपूर म्हटलं की मला सी. के. नायडूही आठवतात. त्यांचा जन्म तिथला, 1895 चा आणि तारीखही 31 ऑक्टोबर. तेलुगू घरातला हा नागपूरकर भारताचा पहिला कसोटी कर्णधार झाला. 1996 मध्ये त्यांचं टपाल तिकीट निघालं, देवधर, मर्चंट आणि मंकड यांच्यासोबत. त्यांचं तिकीट मी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलंय. त्यांनी तिकडे मराठी मुलखात तेलुगू घर सांभाळलं, आम्ही इकडे तेलंगणात मराठी घर सांभाळतो. चिकटवलेल्या तिकिटाची किंमत शून्य होते, हे मला ठाऊक आहे.

पुण्यात रोहन पाटे यांचं क्रिकेट संग्रहालय आहे. नामवंतांच्या सह्यांच्या बॅटी तिथे काचेआड आहेत, आणि असायलाच हव्यात. त्या बॅटींनी त्यांचं काम मैदानात उरकलेलं असतं. माझ्या कागदांनी त्यांचं काम किराणा दुकानात, शाळेत, जिनिंगमध्ये केलं. काचेतली बॅट खेळाडू कसा होता ते सांगते. हळदीचा अझर सांगतो, त्याच्यावर जीव टाकणारे लोक काय जेवत होते, काय शिकत होते आणि कशाची वाट बघत होते. कोपरा न दुमडलेल्या कार्डाला यातलं काहीच माहीत नसतं. बिचाऱ्याला कुणी घराबाहेरच सोडलेलं नसतं.

म्हणून हल्ली क्रिकेटचं नवं मासिक आलं की मी ते ट्रंकेत टाकत नाही. गुपचूप स्वयंपाकघराच्या फळीवर, डब्यांखाली अंथरतो. बायकोला वाटतं, नवऱ्याला उशिरा का होईना, घरकामाची आवड लागली.