एकट्याची काशी

एकांताच्या शोधार्थ जो प्रवासी काशीस एकटाच उतरतो, त्यास दशाश्वमेध घाटाच्या पहिल्या पायरीवरच नावाडी, नापित व मालिशवाले असे काही घेरतात की, एकांत ही चीज या क्षेत्री सरकारजमा झाली असावी, असा संशय यावा. तेथून निसटलाच, तर तीर्थोपाध्याय गाव-आडनाव विचारून बासनातली वही सोडतात व पणजोबांची मोडी दस्तखत दाखवून दक्षिणेचा वंशपरंपरागत तगादा लावतात. एकेकाळी स्वतःच्याच भाराने खचलेला शिंदे घाट पाहून वाटते, दात्याच्या पुण्याहून दगडच जड निघाला! निदान मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर तरी निःसंग जाता येईल म्हणावे, तर तेथेही चार खांदेकरी, काट्यावर तोललेली लाकडे आणि अग्नीचा मोबदला हे सोपस्कार आहेतच. मोक्ष तेवढा विनामूल्य, बाकी सारे रोखीने.