धरणाची दारे आणि भाषणातली मेणबत्ती

१५ सप्टेंबर जवळ आला की महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि पाटबंधारे खात्याच्या कचेऱ्यांत एक मेणबत्ती पेटते. खरे तर दोन. सरकारी काम सरकारी मेणबत्तीच्या उजेडात करायचे, ते संपले की ती विझवायची आणि घरचे पत्र घरच्या मेणबत्तीवर लिहायचे, ही सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची गोष्ट. अभियंता दिनाचे प्रमुख पाहुणे ती सांगतात, कचेरीच्या एसीत बसलेले सभागृह गहिवरते, मग चहा आणि सामोसे. गोष्ट खरी असेल, नसेलही. असल्या गोष्टींना दाखला मागायचा नसतो. माझे दुखणे वेगळे आहे. या माणसाने खडकवासल्याच्या धरणाला आपसूक उघडणारी दारे बसवली आणि त्या दारांबद्दल व्यासपीठावरून कोणी चकार शब्द काढत नाही.

वास्तविक दारांची गोष्ट जास्त रंगतदार आहे. म्हैसूरकडचा हा मुलगा पुण्यात शिकला आणि १८८३ साली कॉलेज ऑफ सायन्समधून स्थापत्याच्या परीक्षेत पहिला आला. १८५४ मध्ये बांधकाम खात्याला हाताखालची माणसे मिळावीत म्हणून काढलेला एक वर्ग, त्याचे पुढे झालेले हे कॉलेज, तेच नंतरचे आपले सीओईपी आणि २०२२ पासून सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ. नावे बदलायची हौस पुण्यात रस्त्यांपुरती नाही.

पुढे मुंबई इलाख्याच्या नोकरीत त्यांच्यापुढे खडकवासल्याचा पेच आला. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जाते, उन्हाळ्यात त्याच पाण्यासाठी डोळे लागतात. भिंत उंच करावी तर तिच्यावरचा भार वाढणार. सांडव्यावर दारे बसवून पाणी अडवावे तर पूर आल्यावर ती उघडायची कोणी? मुसळधार पावसात, रात्री दोन वाजता, घोंगडे पांघरून पडलेल्या चौकीदाराला पाणी चढल्याचे कळणार कधी, तो उठणार कधी आणि चाक फिरवणार कधी! विश्वेश्वरय्यांनी चौकीदाराला झोपू दिले. दाराच्या वजनाला दुसरे वजन तोलून धरले आणि ते एका हौदात टांगले. धरणातले पाणी ठरल्या पातळीच्या वर गेले की ते या हौदात शिरते, पाण्यात टांगलेले वजन हलके होते, तोल मोडतो आणि दार उघडते. पातळी उतरली की दार पुन्हा आपल्या जागी. वीज नाही, मोटर नाही, वरिष्ठांची लेखी परवानगी नाही. पूरच येऊन पुराला वाट करून देतो. १९०३ मध्ये ही दारे बसली. पेटंटही घेतले गेले. मग ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावर ती गेली.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचे जुने धरणही फुटले. वरचे अख्खे धरणच पाण्याबरोबर अंगावर येईल, हे कोणत्याच हौदाच्या हिशेबात नव्हते. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. पुढच्या वर्षी गेले.

भाषणांत न येणारा याच कॉलेजचा आणखी एक विद्यार्थी आहे, तो बारामतीचा. बारामती म्हटले की लोक एक आडनाव सांगतात. मी पटेल सांगतो. चंद्रकुमार पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले, १९५८ मध्ये सीओईपीतून बाहेर पडले आणि १९६४ च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅबमध्ये त्यांचा कार्बन डायऑक्साइड लेझर तयार झाला. त्यातली खुबी अशी की विजेने आधी नायट्रोजनचे रेणू पेटतात आणि धडकेसरशी आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या हवाली करून मोकळे होतात. मेहनत नायट्रोजनची, नाव कार्बन डायऑक्साइडचे. कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला हा लेझर समजावून सांगावा लागत नाही.

हा लेझर बघायला अमेरिकेला जायला नको. पेठेतल्या कुठल्याही लेझर कटिंगच्या दुकानात जा. काचेच्या लांब नळीत गुलाबी-जांभळा उजेड, नळीभोवती गार पाणी फिरवणारा पंप, धूर ओढणारा घरघरता पंखा आणि जळक्या लाकडाचा वास. खरा किरण दिसतच नाही, तो अवरक्त. दिसतो तो कुठे कापणार हे दाखवणारा लाल ठिपका. अॅक्रिलिकच्या पाट्या, रबरी शिक्के, लग्नपत्रिकांच्या जाळ्या, सगळे त्यावर निघते. अभियंता दिनाच्या पाहुण्यांना मिळणारे स्मृतिचिन्हही बहुधा त्यावरच कापलेले असते. त्यावरच्या ‘विश्वेश्वरय्या’तल्या ऱ्हस्व-दीर्घाला मात्र पटेल जबाबदार नाहीत.

त्याच कॉलेजचे थॉमस कैलाथ यांच्यापुढे तर वक्ते हातच टेकतात. पुण्यात जन्म, १९५६ ची दूरसंचाराची पदवी, मग एमआयटीची डॉक्टरेट आणि स्टॅनफर्डमधली प्राध्यापकी. संदेशातून गोंगाट कसा वेगळा काढायचा याचे गणित त्यांनी केले आणि तेच गणित पुढे चिपवर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बारीक रेघा उमटवण्याच्या कामी लावले. यात दार नाही, धूर नाही, मेणबत्ती तर नाहीच. भाषणात सांगायचे काय?

याच कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केलेला छोटा उपग्रह ‘स्वयम्’ मला खडकवासल्याच्या त्या दारांचा नातू वाटतो. वजन किलोभर. २२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीतून तो गेला. अवकाशात दिशा धरून राहण्यासाठी त्याला वीज खर्चायची नव्हती. आत एक चुंबक, तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेणार, आणि डोलणे शमवायला काही सळ्या. चौकीदार इथेही नाही.

आणि याच मंडळींच्या कॉलेजला लागून मुळा वाहते. तिच्यावर १९२८ पासूनचा त्यांचा बोट क्लब आहे, दरवर्षी रेगाटा होतो, संध्याकाळी मशाली नाचतात, जुने विद्यार्थी पोटे सावरत काठावर जमून ‘आमच्या वेळी’ने सुरुवात करतात. नदीला जलपर्णी येते. तीही आपसूकच येते, तिलाही वीज लागत नाही, मोटर लागत नाही, परवानगी तर नाहीच. ती काढायला मात्र निविदा काढावी लागते.