स्वस्तात बिअरसाहित्य: माजलगावकरांसाठी निष्काम खरेदीची मार्गदर्शिका

आधी कायद्याचं उरकून घेऊ, म्हणजे पुढे मोकळेपणानं बोलता येईल. मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 सालचा. हल्ली त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम 65 प्रमाणे विनापरवाना मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि मद्यात बिअरही धरली आहे. तुमच्या पाकिटात आजीवन परमिट असेल, तर ते पिण्याचं असतं, करण्याचं नसतं. इतकंच नाही, मद्य करण्याच्या हेतूनं साहित्य आणि भांडी बाळगणं, हेही त्याच कलमात बसवलेलं आहे.

सुज्ञ खरेदीदारानं इथे ‘हेतू’ या शब्दाखाली रेघ मारावी. खरेदी करायची, पण हेतू ठेवायचा नाही. गीतेत सांगितलेलं निष्काम कर्म ऑनलाइन सेलमध्ये जितकं शुद्ध स्वरूपात सापडतं तितकं दुसरीकडे कुठे सापडत नाही. ज्यांनी पोळ्यांचं मशीन, पोट कमी करायचा पट्टा आणि रताळी किसायचं यंत्र मागवून माळ्यावर टाकलं आहे, त्यांची साधना झालेलीच आहे. प्रस्तुत मार्गदर्शिका त्यांच्यासाठी.

घरी बिअर करायचं खूळ बहुधा न्यू जर्सीतल्या भाच्याकडून येतं. अमेरिकेत 1978 सालच्या कायद्यानं घरी बिअर करायला केंद्र सरकारची मुभा मिळाली. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर. भाचा तळघरात पिंप ठेवून फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, “मामा, इट्स सो सिंपल.” सोपं आहेच. चार-पाच किलो माल्ट, पन्नासेक ग्रॅम हॉप्स, यीस्टची साडेअकरा ग्रॅमची पुडी आणि पाणी यांत वीसेक लिटर बिअर होते. तिकडे.

माल्टपासून सुरुवात करू. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, बाकी काही नाही. म्हणून ऑर्डर देताना मोबाइल घरात कुणाच्या, विशेषतः आईच्या, हाती लागू देऊ नये. नाचणीला मोड आणून सत्त्व करण्यात जिचा जन्म गेला, ती माउली “मोड आणायचे पैसे घेतात व्हय?” एवढंच विचारेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. सातू गावात स्वस्त मिळतील म्हणून मोंढ्यात चक्कर मारलीत, तर तिथे सोयाबीन, कापूस, तूर यांचे भाव कळतील. सातू म्हणजेच जव मिळतात पूजासाहित्याच्या दुकानात, होमासाठी, चिमूटभराच्या पुडीत. तशा पुड्या पाच किलो मागितल्यात तर दुकानदार मोठ्या यज्ञाची तारीख विचारेल आणि वर्गणीही देईल.

हॉप्स ही वेलीला येणारी कडवट बोंडं. भारतात ती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात पिकतात. ती थंडीत ठेवावी लागतात, नाहीतर वास उडतो. आता मे महिन्यात माजलगावात पारा 42 च्या आसपास. पार्सल आधी संभाजीनगरच्या गोदामात, मग टेम्पोत, मग कुरिअरवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये. लाहौलची बोंडं तुमच्या हाती पडेपर्यंत त्यांचा पाचोळा झालेला असतो. तो मात्र सवलतीत मिळालेला असतो, हे विसरू नये.

यीस्टचं दुखणं याहून मोठं. नेहमीच्या एल यीस्टला 18 ते 22 अंश लागतात. एवढी थंडी आपल्याकडे डिसेंबरात, आणि फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये पिंप मावत नाही आणि मावलं तरी ताक, भिजवलेली मटकी आणि शेजाऱ्यांची इन्सुलिनची बाटली आधीपासून तिथे वस्तीला असते. अशा वेळी जाणकार ‘क्वाइक’ नावाचं यीस्ट सुचवतात. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं हे वाण 35-40 अंशांतही हूं की चूं न करता काम करतं. बर्फाच्या देशातलं यीस्ट मराठवाड्याच्या उन्हाळ्याला टिकतं आणि आपली माणसं महाबळेश्वरला पळतात, यावर विचार व्हायला हवा. बेकरीचं यीस्ट गावातच स्वस्त मिळतं, पण त्यानं बिअरला पावाचा वास येतो.

साखर मात्र ऑनलाइन घेऊ नये. ज्या तालुक्यात साखर कारखाना आहे आणि हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास रांगावं लागतं, तिथल्या माणसानं ‘प्रायमिंग शुगर’ म्हणून शंभर ग्रॅमची पुडी मागवणं हा तालुक्याचा अपमान आहे. बाटली भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साधी साखर पुरते. सढळ हातानं घातली, तर उन्हाळ्यात बाटल्या फुटतात. एक फुटली की शेजारचीही फुटते, आणि गल्लीला कारण सांगावं लागतं.

उपकरणांत सर्वांत मोठी फसगत हायड्रोमीटरची. कमी किमतीप्रमाणे यादी लावली की वरच्या ओळीत हटकून लॅक्टोमीटर येतो. दोन्ही काचेच्या तरंगत्या नळ्या, दोघांचं काम द्रवाची घनता मोजणं. पण लॅक्टोमीटर बघतो 1.030 च्या आसपास, दूध चोख की पाण्याचं एवढंच. बिअरचा काढा सुरू होतो 1.050 च्या घरात आणि आंबून उतरतो 1.010 वर. ही दोन्ही टोकं डेअरीच्या नळीला दिसत नाहीत. तरीही बरेच जण तोच घेतात आणि मग पंधरा दिवस गवळ्याशी भांडतात. एअरलॉकवर पैसे घालवू नका. सलाइनची नळी पाण्याच्या बाटलीत सोडली की वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. पिंप म्हणून जारच्या पाण्याचा वीस लिटरचा जार चालतो.

एका ठिकाणी मात्र थट्टा बाजूला ठेवतो. स्वस्ताई शोधता शोधता ‘इतरांनी हेही घेतलं’ या रकान्यात नवसागर दिसला, तर पान बंद करावं. नवसागर कल्हईवाल्याचा. काळ्या गुळात तो घालून जे होतं ती हातभट्टी, आणि तिच्या नावाखाली काय विकलं जातं ते 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला दिसलं. मिथेनॉलनं शंभरावर माणसं गेली. रोजंदारीवर जगणारी, स्वस्त बघून घेणारी.

डिलिव्हरीबद्दल दोन शब्द. पत्ता घरचा देऊ नये, कारण खोक्यावर वस्तूचं नाव ठळक छापलेलं असतं आणि कुरिअरचं पोरगं चौकातूनच ओरडतं, “दादा, तुमचं बिअरचं आलंय!” खत-बियाण्यांच्या दुकानाचा पत्ता उत्तम, तिथे कुठलंही खोकं खपून जातं. अधिक महिन्यात ऑर्डर टाकू नका. पुरुषोत्तमपुरीच्या यात्रेला पाहुणे येतात, घरात धोंड्याच्या पुरणाचा घाट असतो, आणि त्यात हे खोकं सासऱ्यांच्या हाती लागलं तर जावयाचं वाण त्या वर्षापुरतं रहित होतं.

आता हिशेब. माल्ट, हॉप्स, यीस्ट, नळ्या, बूच मारायचं यंत्र, ‘मोफत’ डिलिव्हरी मिळावी म्हणून घेतलेली दोन अनावश्यक ब्रशं. बेरीज करा, वीस लिटरनं भागा. परवानाधारक दुकानातली बाटली पहिल्या खेपेला स्वस्त पडते, आणि दुसरी खेप कुणी करत नाही. ताजी, घरगुती धाटणीचीच प्यायची असेल आणि वय 21 च्या पुढे असेल तर पुण्याची एसटी धरा. तिथे 2009 साली डूलॅली निघाली तेव्हापासून मायक्रोब्रुअरी रीतसर परवान्यानं चालतात. आंबवण्याचीच हौस असेल तर ज्वारीची आंबील आहे. तिला कलम लागत नाही, नळी लागत नाही, आणि उन्हाळा तर तिला मानवतोच.

साहित्य येऊन पडलं असेल तर त्याची विल्हेवाट अशी लावा. हायड्रोमीटर जवळच्या शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावा, घनता शिकवायला उपयोगी पडतो. माल्ट दळून थालीपिठाच्या भाजणीत घालावं. हॉप्स उशीत भरावेत. युरोपात झोप यावी म्हणून तसं करतात. जार मात्र तेवढा धुऊन परत करा आणि डिपॉझिटची पावती सोबत न्या. पावती नसली तर जारवाला पैसे देत नाही.