सेव्हनवाला

प्रत्येक सोसायटीत एक चेअरमन असतो, एक पार्किंगवरून भांडणारा असतो आणि एक सेव्हनवाला असतो. पहिले दोघे आवाजावरून कळतात. तिसरा ओळखायचा तर त्याचा की-बोर्ड पाहावा. बाणांची चारही बटणं टक्कल पडल्यासारखी गुळगुळीत, डावीकडची दोन-चार अक्षरं साफ पुसलेली, बाकी सगळा की-बोर्ड नवाकोरा. एवढ्या भांडवलावर या गृहस्थाने ऑस्ट्रेलियाला शेकडो वेळा लोळवलेलं असतं.

सेव्हन म्हणजे ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७'. हा आला २००६च्या नोव्हेंबरात आणि तो घडवला कॅनडातल्या मंडळींनी. खेळ बेतलेला अ‍ॅशेसवर, डब्यावर फ्लिंटॉफ, आणि आपल्या संघातल्या नावांची मोडतोड केलेली, कारण परवाने नव्हते. कंपनीने 'क्रिकेट ९६'पासून चालवलेली ही मालिका इथेच थांबवली. फिफाचा नवा अवतार दरवर्षी निघत राहिला, क्रिकेटचा पुढचा भाग काही आला नाही. याचं कारण सेव्हनवाल्याला पक्कं ठाऊक आहे. "पुरणपोळी झाल्यावर पुन्हा काय वाढणार?"

पुरणपोळीत मीठ मात्र इथल्या पोरांनीच घातलं. मोडकी नावं सरळ केली, जर्सी रंगवल्या, पॅच बनवून एकमेकांना वाटले. आयपीएल सुरू झाली २००८ साली, म्हणजे खेळाच्या जन्मानंतर. तरी दर एप्रिलात सेव्हनवाला नवा पॅच चढवतो आणि जुन्या मैदानात नव्या लिलावातले खेळाडू उतरवतो. घरातला गळका नळ मात्र दोन पावसाळे तसाच आहे. त्याला पॅच मिळत नाही म्हणे.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सेव्हनवाल्याबरोबर मी लॅपटॉप घ्यायला गेलो होतो. विक्रेता अर्धा तास रॅम आणि प्रोसेसरचं पारायण करत होता. याने सगळं शांतपणे ऐकलं आणि मुलीचं स्थळ विचारावं तसं हळूच विचारलं, "सेव्हन चालेल ना?"

"यात विंडोज इलेव्हन आहे सर."

"ते असू द्या हो. सेव्हन चालेल का?"

विक्रेता चक्रावला. तेवढ्यात काउंटरमागून चाळिशीतला मॅनेजर उठून आला आणि म्हणाला, "चालतो. मी खेळतो." दोघांनी असा काही हात मिळवला, की मला जत्रेत हरवलेले भाऊच आठवले. आम्हाला माउस फुकट मिळाला.

सेव्हनवाल्याचा खरा पराक्रम मार्च २००७चा. वेस्ट इंडीजमधल्या विश्वचषकात आपण बांगलादेशाकडून हरलो, श्रीलंकेकडून हरलो आणि पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला. घराघरात सुतक. याने दार लावून घेतलं आणि पहाटेपर्यंत विश्वचषक जिंकला. दोनदा. दुसऱ्यांदा का, असं विचारलं तर म्हणतो, "पहिल्यांदा द्रविडचं शतक हुकलं होतं."

द्रविड २०१२ साली निवृत्त झाला, पुढच्या वर्षी वानखेडेवर सचिन थांबला. सेव्हनवाला दोघांनाही अजून रोज फलंदाजीला पाठवतो. समालोचक रिची बेनो २०१५ मध्ये गेले, पण याच्या बेडरूममध्ये रोज रात्री साडेदहानंतर ते आणि मार्क निकोलस बोलत असतात. तीच वाक्यं, तोच संयम. वहिनी पाणी प्यायला उठल्या की अर्धवट झोपेत विचारतात, "अहो, तुमचे ते काका झोपले का?"

ऑफिसात याला साहेब बोलतो, घरी बँकेचे फोन येतात. मधल्या दीड तासात मात्र चेंडू कुठे पडणार हे टाकण्याआधी कळतं, आणि ज्या फटक्याला २००७ साली चौकार मिळायचा त्याला आजही चौकारच मिळतो. एवढा शब्दाला जागणारा माणूस तरी कुठे भेटतो? आणि वेळ वाईट आलीच तर उपाय आहे. सामना हातचा जातोय असं दिसलं की याचा पाय आपोआप टेबलाखालच्या स्विचकडे जातो. "लाइट गेली." हरलेला सामना सेव्हनवाल्याने आजवर सेव्ह केलेला नाही.

गेल्या दिवाळीत नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी हट्टाने 'क्रिकेट २४' आणवला. घामाचे थेंबसुद्धा दिसतात त्यात. वडील तिसऱ्या चेंडूवर त्रिफळाचित झाले आणि "ग्राफिक्समुळे चेंडू दिसत नाही" म्हणत उठले. मग वचपा काढायला त्यांनी पोराला जुन्या कॉम्प्युटरवर बसवलं. एक की-बोर्ड, दोघांचे मिळून चार हात, कोपराला कोपर. मी समोर चहा घेत होतो.

सात बाद बावन्न. पोराने धावफलकाकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, खुर्चीत जरा खाली सरकलं. पडदा काळा.

"लाइट गेली, बाबा."

डोक्यावर पंखा गरगरत होता. सेव्हनवाल्याने आधी पंख्याकडे पाहिलं, मग पोराकडे, आणि गहिवरून मला म्हणाला, "शिकवलं नव्हतं हो मी. रक्तातच असावं लागतं."