एक दाता खाली

साताऱ्यात उंच माणसाला नाव ठेवायला फार डोकं चालवावं लागत नाही. ठोसेघरच्या पलीकडं चाळकेवाडीच्या पठारावर नावाचा माल रांगेनं उभाच आहे. आमच्या पेठेतल्या 6 फूट 3 इंचांच्या गृहस्थाला म्हणूनच शाळेपासून ‘पवनचक्की’ म्हणतात. बँकेत तो साहेब आहे, घरात दादा आहे, पण गाडीवर बसला की पवनचक्कीच.

गाडी कोणती, तर यामाहा आरएक्स 100. 1985 साली आपल्याकडं आली, 1996 साली बनायची थांबली. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, 11 घोड्यांची ताकद आणि अंगानं अशी किरकोळ की दोन गडी उचलून ओट्यावर ठेवतील. ही गाडी त्याच्या वडिलांनी घेतलेली. वडील 5 फूट 4 इंच. गाडी वडिलांच्या मापाची आली आणि मुलगा आईच्या माहेरच्या मापाचा निघाला, एवढाच काय तो घोळ.

तो तिच्यावर बसला की पालकसभेला बालवाडीच्या बाकावर बसवलेल्या बापासारखा दिसतो. गुडघे टाकीच्या वर येतात. पोवई नाक्यावर पूर्ण वळण घ्यायचं झालं तर आधी एक गुडघा बाहेर काढावा लागतो, मग हँडल वळतं.

“मोठी गाडी घे की,” असं त्याला म्हणू नये. “गाडी लहान नाहीये. सेटिंग चुकलंय,” असं म्हणून तो खिशातून दहाचा पाना काढतो. पाना खरंच खिशात असतो. पुतणीच्या लग्नात अक्षता काढताना आधी पानाच हातात आला होता.

मग शास्त्र सुरू होतं. फुटरेस्ट फ्रेमला बसलेलं, सीट जागच्या जागी. मधलं अंतर ठरलेलं. त्यात लांब मांडी आली की गुडघा वर आणि पुढं जातो, पोटरी मागं कलते आणि पंजा आपोआप खाली झुकतो. गियरची पट्टी मात्र कंपनीनं मध्यम माणसाच्या पंजाला धरून बसवलेली. म्हणून पट्टी खाली घ्यायची. ती ज्या शाफ्टवर बसते त्याला भोवतीनं बारीक दाते असतात. बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो शाफ्टच्या खाचेतून जातो, म्हणून पूर्ण काढायचा. फटीत पेचकस घालून तोंड जरासं उघडायचं, पट्टी बाहेर ओढायची, एक दाता खाली फिरवून परत बसवायची. हातोडी लावायची नाही. “हातोडी लावणारा माणूस गाडी चालवायच्या लायकीचा नाही,” हे वाक्य प्रत्येक वेळी ठरलेल्या जागी येतं.

इथपर्यंत तो बरोबरच आहे. पंचाईत पुढं आहे. या गाडीचा पहिला गियर पट्टी दाबून पडतो आणि दुसरा, तिसरा, चौथा पट्टी खालून उचलून. दाबायला पट्टी खाली हवी. उचलायला मात्र पट्टीखाली पंजा शिरला पाहिजे, आणि पवनचक्कीच्या बुटाचा नंबर आहे 12. एक दाता खाली घेतला की पहिला गियर लोण्यासारखा पडतो आणि दुसरा पडतच नाही, कारण बूट खाली अडकलेला. अशा वेळी राजवाड्यापासून बोगद्यापर्यंत तो पहिल्या गियरमध्ये येतो आणि अख्ख्या पेठेला कळतं की साहेबांनी काल सेटिंग केलं. एक दाता वर घेतला की दुसरा, तिसरा सुखानं पडतात, पण पहिल्यासाठी पाय असा उचलावा लागतो की सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला दचकून बाजूला होतो. त्याला हवी असलेली जागा दोन दात्यांच्या बरोबर मध्ये आहे. तिथं पट्टी बसत नाही.

दुसरा कुणी असता तर त्यानं एवढ्यावर हात टेकले असते. यानं पादत्राणांप्रमाणं तक्ता केला. शाफ्टच्या तोंडावर वहिनींच्या नेलपॉलिशचे ठिपके आहेत: लाल ठिपका चपलेचा, गुलाबी ऑफिसच्या बुटाचा आणि एक जांभळा, चकचकीत, तो पावसाळी गमबुटाचा. मृग लागला की शेतकरी आभाळाकडं बघतो, हा उकिडवा बसून जांभळा ठिपका शोधतो. वहिनी एकदा लग्नाला निघताना नखं रंगवायला बसल्या आणि बाटलीतून काळं ग्रीस निघालं. त्यावर त्या काय म्हणाल्या ते मी सांगणार नाही. भिंत सामाईक असली तरी काही मर्यादा पाळाव्या लागतात.

डाव्या पायाचं झालं की उजवा पाय तक्रार करतो. म्हणून ब्रेकचं पेडलही खाली. त्याचा स्टॉपर बोल्ट फिरवायचा, लॉकनट आवळायचा, मागच्या ड्रमजवळचा रॉडचा नट फिरवून ढिलाई परत मोजायची. हे सगळं त्यानं चोख केलं. फक्त ब्रेकलाइटचा स्विच राहिला. तो स्प्रिंगनं पेडलला बांधलेला असतो, पेडल खाली गेलं की स्प्रिंग ताणली जाते आणि मागचा दिवा पेटूनच राहतो. मागून येणाऱ्यांना वाटायचं, हा माणूस यवतेश्वरचा घाट ब्रेक मारत चढतोय. शेवटी ट्रॅफिक हवालदारानं बाजूला घेतलं. गाडीत बदल केलाय का, असं त्यानं सहज विचारलं. झालं! मोटार वाहन कायद्याचं कलम 52, मूळ बांधणीत फेरफार म्हणजे काय, जुळवणी म्हणजे काय, बोल्ट कंपनीनंच फिरवण्यासाठी दिलाय तो कशाला, असं सगळं त्यानं उकिडवं बसून, पाना हातात घेऊन दाखवलं. हवालदारालाही बसवलं. अर्ध्या तासानं पावती न फाडता हवालदार निघाला, तेव्हा तोच जास्त सुटल्यासारखा दिसत होता.

मेस्त्रीचा मात्र धीर सुटलाय. सारखं काढघाल करून शाफ्टचे दाते झिजत आलेत. “साहेब, अजून दोनदा काढलीत तर दाते मरतील. मग वेल्डिंग मारून टाकीन, कायमचं,” अशी धमकी त्यानं दिली आहे. वेल्डिंग हा शब्द ऐकल्यावर पवनचक्की दोन दिवस जेवला नाही, असं वहिनी सांगतात. मला ते खरं वाटतं.

शेवटी आम्ही मित्रांनी त्याला जवळजवळ उचलून एका मोठ्या गाडीच्या शोरूमला नेलं. उंच सीटची, घाटात फिरायची गाडी. तो बसला. गुडघे टाकीच्या खाली. पाय सपाट जमिनीवर. पंजा आपोआप पट्टीवर. आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्यानं दोन्ही हँडल धरून पाहिलं, आरशात पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. “चांगली आहे,” तो म्हणाला. “पण हिच्यात करायला काही ठेवलंच नाही.”

उतरताना त्याची नजर डावीकडं खाली गेली आणि तिथंच थांबली. या गाडीची गियरची पट्टी थेट शाफ्टवर नव्हती. मध्ये एक बारीक रॉड होता, दोन्ही टोकांना आटे, एका बाजूला उलटे, आणि दोन लॉकनट. रॉड फिरवला की पट्टी केसभरही वर-खाली होणार. दात्यांची भानगडच नाही.

“अरे, मधली जागा मिळते हिच्यात!” तो ओरडला आणि पँट गुडघ्यावर वर ओढून शोरूमच्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर उकिडवा बसला. विक्रीचा पोरगा धावत येईपर्यंत त्याचा एक लॉकनट सुटला होता.